गाडीतली ती बाई घरंदाज आहे का?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं. इवान क्राम्स्कोय या रशियन चित्रकाराचं 'अनोळखी स्त्री' हे १८८३ चं चित्र तुम्हाला वर्षानुवर्षं आवडतं. उघड्या घोडागाडीत बसलेली, काळ्या पोशाखातली, पापण्या अर्धवट मिटून आपल्याकडे खाली बघणारी ती बाई तुम्ही आजवर उमराव घराण्यातली धरून चालला होता. अलीकडे कुणीतरी सांगितलं की ती उमराव नाहीच, त्या काळच्या लोकांना ती 'तसली' बाई वाटली होती. मग खरं काय? आणि रशियन चित्रांतली खानदानी स्त्री ओळखायची आणि वाचायची तरी कशी?

मी व्यक्तिचित्रं रंगवते आणि शिकवते, दोन्ही मिळून तीस वर्षं होत आली. त्यामुळे माझं उत्तर चित्रकाराच्या स्टुलावरून दिसतं तसं आहे. आधीच सांगते, अंगावरचे कपडे आणि दागिने बघून खानदान ठरवायला गेलात तर रशियन चित्रांत हमखास फसाल. चित्र कुणी काढून घेतलं, त्यावर नाव आहे का, ते कुठे लागणार होतं, बाईच्या मागे काय आहे, हे आधी बघायचं. आपल्याकडे 'घरंदाज' हा फार चांगला शब्द आहे. त्यात घर आहे. चित्रातही घर शोधायचं.

आता क्राम्स्कोयचं चित्र समोर ठेवा. आडवं आहे, ७५.५ गुणिले ९९ सेंटिमीटर, म्हणजे छापील प्रतीवरून वाटतं तेवढं मोठं नाही. गाडी पीटर्सबर्गच्या नेव्स्की रस्त्यावर, अनिच्कोव्ह पुलाजवळ आहे. मागच्या इमारती हिवाळी धुक्यात विरघळलेल्या आहेत. आपण रस्त्यावर पायी उभे आहोत आणि ती गाडीत, म्हणून आपल्यापेक्षा उंचावर. लोक तिच्या नजरेतल्या तोऱ्याबद्दल बोलतात, पण त्यातला निम्मा तोरा या उंचीतून आलेला आहे. हीच बाई, याच पापण्या, पण आपल्या समोर खुर्चीत बसवली असती तर ती कदाचित नुसती थकलेली दिसली असती. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम करून दाखवते. एकाच मॉडेलला आधी जमिनीवर बसून रंगवायचं, मग उभं राहून. चेहरा तोच, पण स्वभाव बदललेला दिसतो.

कपड्यांचं वाचन पोशाखाच्या अभ्यासकांनी बारकाईनं केलेलं आहे. पिसं लावलेली 'फ्रान्सिस' टोपी, फरची किनार आणि निळ्या साटीनच्या फिती असलेला 'स्कोबेलेव्ह' कोट, हात ऊबेला घालायचा फरचा मफ, तलम चामड्याचे हातमोजे, सोन्याचं कडं. स्कोबेलेव्ह हा १८७७-७८ च्या तुर्की युद्धात गाजलेला सेनापती. तो १८८२ मध्ये वारला, म्हणजे चित्राच्या आदल्याच वर्षी. कोटाला त्याचं नाव होतं यावरूनच ती फॅशन किती ताजी होती ते कळतं. बाईच्या अंगावरची एकूण एक वस्तू त्या हंगामातली आहे, आणि सगळी एकदम घातलेली आहे. गोम इथेच आहे. जुन्या घराण्यातल्या बाईच्या अंगावर काहीतरी जुनं असतं, आजीची लेस, आईच्या वेळचा मोत्यांचा सर. नखशिखांत नवं असणं हे दुकानातून नुकतं बाहेर पडल्याचं लक्षण. शिवाय ती एकटी आहे. उघड्या गाडीत, शहराच्या सगळ्यांत वर्दळीच्या रस्त्यावर, सोबतीला नवरा नाही, थोरली बाई नाही. त्या समाजातल्या प्रेक्षकाला ही गोष्ट कपड्यांच्याही आधी दिसली असणार.

म्हणून १८८३ मध्ये गावोगावी फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या चित्रकारांच्या मंडळाच्या ११ व्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा व्लादिमीर स्तासोव्ह या बड्या समीक्षकानं 'गाडीतली कोकोत' असा शेरा मारला. कोकोत म्हणजे श्रीमंतांच्या पैशावर राहणारी बाई. पावेल त्रेत्याकोव्ह हा क्राम्स्कोयचा जुना चाहता आणि मोठा ग्राहक, पण त्यानंही हे चित्र घेतलं नाही. आज ते त्याच्या नावाच्या मॉस्कोतल्या त्रेत्याकोव्ह गॅलरीचं जणू ओळखपत्र झालं आहे खरं, पण तिथे ते पोचलं १९२५ मध्ये, खाजगी संग्रह सरकारजमा झाल्यावर.

तर तुम्हाला हे सांगणारा अर्धा बरोबर आहे. ती उमराव आहे असं चित्रातलं काहीच सांगत नाही. पण स्तासोव्हचा शेरा हेच अंतिम वाचन मानायलाही मी तयार नाही. या चित्राचं एक अभ्यासचित्र प्रागमध्ये सापडलं. त्यातली बाई याच बेतानं बसलेली आहे, पण चेहरा जास्त राठ आणि उर्मट आहे. म्हणजे क्राम्स्कोयची सुरुवात कदाचित स्तासोव्ह म्हणतो तिथूनच झाली असेल, पण मोठ्या कॅनव्हासवर येईपर्यंत त्यानं तो चेहरा बदलला. ओठ बंद केले, डोळ्यांना ओलसर जडपणा दिला. हा बदल आपोआप होत नाही. चेहऱ्यातला एक भाव काढून दुसरा आणायचा म्हणजे पापणीच्या कडेवर दिवसचे दिवस जातात. ज्यानं ते कष्ट घेतले त्याला नुसती टिंगल करायची नव्हती.

आणि क्राम्स्कोयला उमराव बाईचं चित्र कसं असतं हे पुरेपूर ठाऊक होतं. त्यानं सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्नाचं चित्र रंगवलेलं आहे. ओस्त्रोगोझ्स्क या लहान गावातल्या कारकुनाचा हा मुलगा. १८६३ मध्ये पीटर्सबर्गच्या कला अकादमीतून निषेध म्हणून बाहेर पडलेल्या चौदा विद्यार्थ्यांचा म्होरक्या. पोट भरायला त्यानं आयुष्यभर मोठ्या लोकांची चित्रं केली. १८८७ मध्ये तो वारला तोही एका डॉक्टरांचं चित्र रंगवताना. मागणीवरून केलेल्या चित्रात काय काय सांभाळावं लागतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? इथे त्यानं त्यातली एकेक गोष्ट काढून घेतली आहे. नाव नाही. घर नाही, आहे ती चाकांवरची गाडी. दिवाणखाना नाही, रस्ता आहे. कुणी मागणी केलेली नाही. त्याच्या पत्रांत आणि दैनंदिनीतही या बाईचं नाव सापडत नाही. नंतर लोकांनी अनेक नावं सुचवली, एकही ठरलं नाही. मला वाटतं, ती कोण हे ठरवायचं काम त्यानं रस्त्यावर उभ्या असलेल्या बघ्यावर सोडलं आहे, आणि बघ्या काय ठरवतो ते ती वरून बघते आहे. दिसायला हे व्यक्तिचित्र आहे, पण व्यक्ती गाळून केलेलं.

जाता जाता एक खुलासा. ही टॉलस्टॉयची अन्ना कारेनिना आहे का, असंही पुष्कळ जण विचारतात, कारण त्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर हे चित्र अनेकदा दिसतं. क्राम्स्कोयनं १८७३ मध्ये टॉलस्टॉयचं चित्र काढलं होतं आणि त्याच सुमारास कादंबरी लिहिली जात होती, एवढं खरं. पण कादंबरीचं छापणं १८७५ मध्ये सुरू झालं आणि हे चित्र १८८३ चं. मुखपृष्ठ करणाऱ्यांनी ही जोडी लावली आणि ती डोळ्यांत बसली.

आता याच्या अगदी उलट टोकाला चला. त्याच त्रेत्याकोव्ह गॅलरीत व्लादिमीर बोरोविकोव्स्कीचं मारिया लोपुखिनाचं चित्र आहे, १७९७ चं. पांढरा मलमलीसारखा साधा झगा, कमरेला फिकट निळा पट्टा, हातावरून घसरलेली शाल, एक सोन्याचं कडं. बस्स. मोती नाहीत, हिरे नाहीत, महाल नाही. मागे बर्चची झाडं, राईची कणसं आणि निळी रानफुलं. एक कोपर दगडी कठड्यावर टेकलेलं आणि मनगट सैल सोडलेलं. गाडीतल्या बाईशेजारी ही उभी केली तर अनोळखी माणूस हिलाच साधी समजेल. आणि ही जन्मानं काउंट टॉलस्टॉय घराण्यातली मुलगी, दरबारात हुद्दा असलेल्या लोपुखिनची बायको, वय अठरा.

साधेपणा का, याला त्या दशकाची हवा हे एक कारण. भावनाप्रधान साहित्याचे दिवस होते. करामझिन या लेखकाची 'गरीब लिझा' ही कथा १७९२ ची, आणि एका शेतकरी मुलीच्या दुःखावर सुशिक्षित वाचक डोळे पुसत होते. निसर्ग, एकांत, हळवेपण यांना मान होता. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दागिने काढून ठेवणं त्यालाच परवडतं ज्याला सगळे ओळखतात. याच बोरोविकोव्स्कीनं १७९४ मध्ये खुद्द कॅथरिन दुसरीला त्सार्स्कोये सेलो इथल्या राजवाड्याच्या बागेत फिरताना रंगवलं. अंगात घरगुती कोट, हातात काठी, पायाशी कुत्रा, एखादी वयस्क जमीनदारीण सकाळी बाहेर पडावी तशी. मुकुट, राजदंड काही नाही. फक्त मागे, तळ्यात, १७७० च्या चेश्मेच्या आरमारी विजयाचा स्तंभ उभा आहे. सत्ता अंगावरून उतरवून पार्श्वभूमीत नेऊन ठेवली आहे. त्या चित्रासाठी सम्राज्ञी स्वतः बसलीच नाही, तिच्या खास दासीनं तिचे कपडे घालून बैठक दिली, असं कलेतिहासकार सांगतात. कपडे दासीला चढवता आले. स्तंभ तिला चढवता आला नसता.

लोपुखिनाच्या चित्रातही असंच शोधा. राईची कणसं घ्या. ती तिथे सुंदर दिसतात, तिच्या हाताच्या उताराशी त्यांचा कल जुळतो, निळी फुलं कमरेच्या निळ्या पट्ट्याला साद देतात. रचना म्हणून हे सगळं अप्रतिम आहे. पण ते शेत कुणाचं? रशियातली भूदासांची पद्धत १८६१ पर्यंत चालू होती. त्या कणसांमागे जमीन आहे, आणि जमिनीबरोबर मालकीची माणसं. हिचं घर भिंतींत दाखवलेलं नाही, पिकात दाखवलेलं आहे. हे माझं वाचन आहे, बोरोविकोव्स्की असा विचार करत असेल असा माझा दावा नाही. मिरगोरोदच्या कझाक कुटुंबातला, देवचित्रं रंगवणाऱ्यांच्या घरात वाढलेला हा माणूस. त्याला पीक जवळून माहीत होतं एवढं मात्र नक्की.

या चित्राबाबत मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते दुःखाविषयी. मारिया लोपुखिना चित्रानंतर सहा वर्षांनी, १८०३ मध्ये, क्षयानं वारली. मग तिच्या डोळ्यांत लोकांना मृत्यू दिसायला लागला, लग्नातलं असमाधान दिसायला लागलं. या चित्राकडे बघणाऱ्या तरुण मुली मरतात अशी आवई मॉस्कोत उठली होती. वडील गूढविद्येचे नादी, त्यांनी मुलीचा आत्मा चित्रात कोंडला, इथपर्यंत कहाणी गेली. कठड्यावरची मलूल फुलंही पुरावा म्हणून दाखवली जातात. माझी विनंती आहे की निष्कर्ष काढण्याआधी बोरोविकोव्स्कीनं त्याच वर्षांत केलेल्या इतर बायका बघा. येकातेरिना आर्सेन्येवाच्या चित्रातही बाग आहे, कणसं आहेत, पांढरा झगा आहे, टेकलेला हात आहे. आणि ती हातात सफरचंद घेऊन खोडकर हसते आहे! टेकलेलं कोपर, झुकलेली फुलं, झाडांचा आडोसा हा त्याच्या कार्यशाळेचा ठरलेला साचा होता. आमच्या धंद्यात असे साचे असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. साचा ठरलेला असला की चित्रकाराचं सगळं लक्ष चेहऱ्यावर राहतं.

म्हणून साचा वजा करा आणि मग उरतं ते बघा. लोपुखिनाच्या बाबतीत उरते ती मान आणि पापणी. डोकं किंचित मागे नेलेलं आहे. नजर आपल्यावर आहे, पण आपण तिथे आहोत की नाही याची तिला फारशी फिकीर नाही. ओठाच्या कडेला हसू म्हणावं तर हसू, कंटाळा म्हणावा तर कंटाळा. मला त्यात दुःखापेक्षा जन्मजात निर्धास्तपणा दिसतो. तिला आपल्याला काही पटवून द्यायचं नाही. आता पुन्हा गाडीतल्या बाईकडे या. तिची पाठ ताठ आहे, मफ घट्ट धरलेला आहे, हनुवटी उचललेली आहे. ती सतत काहीतरी तोलून धरते आहे. दोघींच्या पापण्या जड आहेत, पण एक पापणी आळसानं उतरली आहे आणि दुसरी सावधपणानं.

माझ्या कामातला एक अनुभव इथे सांगावासा वाटतो. एका जुन्या, जमीनजुमला असलेल्या घरातल्या आजींचं चित्र करायचं होतं. मुलाची इच्छा होती की आईनं शालू नेसावा, गळ्यात घरातलं सगळं घालावं. आजी बैठकीला आल्या त्या धुवट सुती लुगड्यात, गळ्यात काळी पोत. मुलानं आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "शालू दिसला की लोक शालू बघतील. मग मी कुठे जाऊ?" चित्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालं. लोपुखिनाचा साधा झगा मला खऱ्या अर्थानं कळला तो त्या दिवशी.

याचा अर्थ असा घेऊ नका की साधेपणा म्हणजे खानदान आणि भपका म्हणजे नाटक. तसा नियम केलात तर तिसरं चित्र तो मोडून टाकतं. वालेंतिन सेरोव्हनं १९११ मध्ये केलेलं ओल्गा ओर्लोवाचं चित्र पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. टेम्परा, उंची जवळजवळ दोन मीटर ३८ सेंटिमीटर, रुंदी एक मीटर ६०. राजपुत्र व्लादिमीर ओर्लोव्ह हा सम्राट निकोलाय दुसऱ्याच्या अगदी निकटचा अधिकारी, ही त्याची बायको, माहेरची बेलोसेल्स्काया-बेलोझेर्स्काया. नावातच दोन मजले. डोक्यावर परातीएवढी काळी टोपी, खांद्यांवरून घसरणारी फर, उघडे खांदे, मोत्यांच्या सराशी खेळणारा हात, पुढे काढलेलं टोकदार बुटाचं पाऊल. मागे भारी दिवाणखाना. इथे भपका आहे, फॅशन आहे, आणि ती खरोखरीची उमराव आहे. फॅशनच्या बाबतीत ती पीटर्सबर्गमध्ये प्रसिद्धच होती.

आमच्या पिढीनं रशियन चित्रं प्रथम पाहिली ती स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांतून. तिथलं ठरलेलं वाचन असं असायचं की सेरोव्हनं या चित्रात मरणाऱ्या वर्गाचा पोकळपणा उघडा पाडला. त्याला आधार नाही असं नाही. ९ जानेवारी १९०५ ला निःशस्त्र जमावावर घोडदळ घातलं गेलं ते सेरोव्हनं अकादमीच्या खिडकीतून पाहिलं होतं. सैन्याची सूत्रं ज्या ग्रँड ड्यूककडे होती तोच अकादमीचा अध्यक्ष होता, म्हणून निषेध करून सेरोव्ह अकादमीतून बाहेर पडला. त्याआधी सम्राटाच्या चित्रात सम्राज्ञीनं चुका काढल्या तेव्हा त्यानं रंगांची पाटीच तिच्यापुढे धरली, अशीही गोष्ट सांगतात. दरबाराबद्दल त्याला प्रेम नव्हतं. पण १९१७ च्या क्रांतीत काय होणार हे १९११ च्या कॅनव्हासवर लिहिलेलं असू शकत नाही. ते आपण नंतर जाऊन लिहितो, जसा लोपुखिनाच्या डोळ्यांत क्षय लिहिला गेला.

कॅनव्हासवर काय आहे? एक बाई क्षणभर टेकली आहे. पूर्ण बसलेली नाही. गुडघे आणि पाऊल पुढे आलेले आहेत, आता उठेल आणि निघेल. टोपी बाहेर जायची आहे, खांदे मात्र घरातले आहेत. सगळी आकृती कोनांची बनली आहे, कोपर, गुडघा, बुटाचं टोक. सेरोव्ह दीर्घ बैठका घेणारा चित्रकार होता. समोरचा माणूस थकून मूळ स्वभावावर येईपर्यंत तो सोडत नसे. अशा माणसापुढे इतका वेळ बसून ही अस्वस्थता टिकते म्हणजे ती तिचीच आहे. तिच्यात मला पोकळपणा दिसत नाही. चपळ, काहीशी अधीर, आपलं रूप काय परिणाम करतं हे पक्कं जाणणारी बाई दिसते. सेरोव्हनं तिला गोड केलं नाही आणि तिची थट्टाही केली नाही. आणि तिनं ते चित्र स्वीकारलं, लपवून ठेवलं नाही, ही गोष्ट थट्टेच्या वाचनाच्या विरोधात मोठा पुरावा आहे.

उलट तिनं ते संग्रहालयाला दिलं. देताना एक अट घातली, असं सांगितलं जातं. सेरोव्हनंच १९१० मध्ये केलेलं नर्तकी इडा रुबिनस्टाइनचं नग्न चित्र, ती हाडकुळी आकृती, ज्या दालनात असेल त्या दालनात माझं चित्र लावायचं नाही. रेपिनसारख्या थोर चित्रकारालाही इडाचं ते चित्र सहन झालं नव्हतं, पण ओर्लोवाचा मुद्दा वेगळा होता. भिंतीवर शेजारी कोण असावं हे ठरवायचा हक्क तिला आपला वाटत होता. टोपी, फर आणि मोती यांतलं काहीही गाडीतल्या बाईला विकत घेता आलं असतं, अशी अट मात्र तिला घालता आली नसती. इडा आणि ओर्लोवा, दोघींची चित्रं आज त्याच रशियन संग्रहालयाच्या मालकीची आहेत.